पत्ता बदलला, आता फाइलचं काय?

"मॅडम, माझा पत्ता बदललाय. फाइल अडकेल का?"

लग्नानंतर नवरा अमेरिकेत परतलेला आणि बायको इथे व्हिसाची वाट बघत असलेली. अशा जोडप्यांकडून हा प्रश्न इतक्यांदा येतो की एकदा सविस्तर लिहून टाकावं म्हटलं. त्यासाठी एक हकिकत सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून.

नवरा अमेरिकन नागरिक, न्यू जर्सीत. सासर कोल्हापूरचं. लग्नानंतर दोन महिने ती सासरी राहिली, मग नोकरीसाठी पुण्यात मैत्रिणीबरोबर भाड्याने फ्लॅट घेतला. नवऱ्याने बायकोसाठी केलेल्या आय-१३० अर्जाला जोडलेल्या आय-१३०ए या तिच्या माहितीच्या फॉर्मवर कोल्हापूरचा पत्ता होता. सही केली त्या दिवशी तो खराच होता. आता अर्ज मंजूर होऊन केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे मुलाखतीआधीचे कागद बघणाऱ्या एनव्हीसीकडे आली होती आणि डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता.

"सासूबाई म्हणतात कोल्हापूरच लिही. नवरा तिकडे आणि बायको सासर सोडून तिसरीकडेच, असं कळलं तर लग्न खोटं वाटेल त्यांना."

"आणि तुमचे मिस्टर?"

"तो म्हणतो, लिहून टाक, काय फरक पडतो."

फरक पडतो. डीएस-२६० मध्ये सध्याच्या पत्त्यासोबत वयाच्या सोळाव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते तारखांसह द्यावे लागतात, हॉस्टेलसुद्धा. पगाराची स्लिप पुण्याची, भाडेकरार पुण्याचा आणि फॉर्मवर कोल्हापूर, म्हणजे मुलाखतीत "सध्या कुठे राहता, कोणाबरोबर?" या साध्या प्रश्नावर अडखळणं आलंच. पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस क्लिअरन्स काढताना चौकशीचा हवालदार कोल्हापूरच्या दारात जाईल आणि शेजारी सांगतील, "ती पुण्याला असते." पत्ता बदलल्याने कोणाची केस बिघडत नाही. बिघडते ती न जुळणाऱ्या कागदांनी, आणि मुद्दाम खोटं लिहिणं तर फारच महागात पडू शकतं.

एवढं ऐकूनही तिचा चेहरा मोकळा झाला नाही. अशा वेळी मी आणखी माहिती देत बसत नाही. एका माणसाच्या काळजीमागे घरातली दोन-तीन माणसं उभी असतात, असं माझं पक्कं मत आहे, आणि ती दिसेपर्यंत नियम डोक्यात शिरत नाहीत. मी तिच्यापुढे कोरा कागद ठेवला. "तीन पत्ते लिहा. तुम्ही झोपता कुठे, तुमची पत्रं कुठे यावीत, आणि तुमचं घर कुठलं."

पहिला पत्ता तिने झरझर लिहिला. दुसऱ्याला थोडा विचार करून कोल्हापूर लिहिलं. तिसऱ्यापाशी पेन थांबलं ते थांबलंच. माहेर? सासर? नवऱ्याचा न्यू जर्सीतला फ्लॅट, जो तिने फोनवरच पाहिला होता? डोळे पुसत ती म्हणाली, "हा रकाना फॉर्मवर आहे का?"

"नाही."

मग ती हसली. इतके दिवस ती तिसऱ्या रकान्याचं उत्तर पहिल्यात लिहायला निघाली होती. हा कागदाचा प्रयोग मी नंतर कित्येकांवर केला, क्वचितच फसलाय.

पुढच्या वेळी सासूबाईंना फोनवर घेतलं. हट्टी बाई असतील असं मलाही वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "इथला पत्ताच काढून टाकला तर पत्र आलं गेलं आम्हाला कळणार कसं? आम्ही कोण मग?" त्यावर उपाय फॉर्ममध्येच होता. डीएस-२६० सध्याचा पत्ता आणि टपालाचा पत्ता वेगवेगळे विचारतो. सध्याचा पुण्याचा, टपालाचा कोल्हापूरचा. दोन्ही खरे.

आता कृतीचं बघू.

केस अजून यूएससीआयएसकडे, म्हणजे आय-१३० मंजूर करणाऱ्या अमेरिकेच्या स्थलांतर खात्याकडे असेल तर पत्रं अर्जदाराला, म्हणजे नवऱ्याला जातात. बायकोचा भारतातला नवा पत्ता त्याने आपल्या ऑनलाइन खात्यातून तेरा अक्षर-अंकांच्या पावती क्रमांकासह कळवावा. त्यापेक्षा मोठी चूक नवऱ्याच्या पत्त्यात होते: तो घर बदलतो, पोस्टाला सांगतो आणि यूएससीआयएसला विसरतो. नवरा ग्रीनकार्डधारक असेल तर दहा दिवसांत कळवणं त्याला कायद्याने बंधनकारक आहे.

केस एनव्हीसीत असेल तर त्यांच्या ऑनलाइन चौकशी फॉर्मवरून केस क्रमांक, दोघांची पूर्ण नावं, जन्मतारीख देऊन कळवा. मुलाखत मुंबईत असलेल्या केसचा क्रमांक 'बीएमबी'ने सुरू होतो. शहराचं नाव १९९५ मध्येच बदललं तरी तिथे अजून बॉम्बेच आहे. ईमेल मात्र घरच्या पत्त्याहून जास्त जपा. सगळं त्यावरच येतं, आणि एनव्हीसीच्या सूचनेनंतर वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर केस बंद होऊ शकते.

डीएस-२६० पाठवून झाल्यावर जागा बदलली तर फॉर्म कुलूपबंद झालेला असतो. एनव्हीसीला तो पुन्हा उघडायची विनंती करता येते. मुलाखत तोंडावर आली असेल तर घाबरून धावपळ नको; मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत अधिकाऱ्याला स्वतःहून सांगा, तिथे दुरुस्ती होते. नवा भाडेकरार जवळ ठेवा. पासपोर्ट परत कुठे हवा ते अपॉइंटमेंटच्या वेबसाइटवर मुलाखतीआधी तपासा, ते वेगळं नोंदवलेलं असतं.

पासपोर्टच्या शेवटच्या पानावर माहेरचा पत्ता आहे म्हणून मध्येच नवा पासपोर्ट काढू नका. व्हिसासाठी त्याची गरज नाही, आणि नवा काढलात की क्रमांक बदलतो, म्हणजे आणखी एक दुरुस्ती.

पुण्याहून नागपूरला गेलात तरी मुलाखत मुंबईतच. दुबईला नोकरी लागली तर मात्र लगेच कळवा: मुलाखतीचं ठिकाण बदलू शकतं, आणि तिथे सहा महिन्यांहून जास्त राहिलात तर तिथल्या पोलिसांचाही दाखला लागतो.

मुलाखतीच्या महिनाभर आधी तिच्या मैत्रिणीचं लग्न ठरलं आणि फ्लॅट सोडावा लागला. मला फोन आला नाही, मेसेज आला: "पत्ता बदलला. एनव्हीसीला कळवलं, आईंनाही."