डोपामिन हे मेंदूतलं रसायन म्हणजेच तृष्णा का? आपल्या पूर्वजांना ते आधीच ठाऊक होतं का? मोबाइलची सवय मोडायला यातलं काय कामाला येईल?

ठाऊक नव्हतं. साडूभाऊंना हेच किती वर्षं सांगतोय.

वाद पांडवलेणीच्या पायऱ्यांवर सुरू झाला. दम खायला बसलो, डबी काढली, तंबाखू मळायला घेतली. लगेच साडूभाऊंची गीता: ‘ध्यायतो विषयान्पुंसः सङ्गस्तेषूपजायते’. चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम, म्हणजे वासना. ‘हेच तुमचं डोपामिन!’

तेव्हा गप्प बसलो, मग वाचलं. 1990 च्या दशकात मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ माकडांना रसाचे थेंब देत होते. आधी रस मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळायच्या. दिव्यामागून रस येतो हे माकडाला कळल्यावर त्या दिव्यालाच उसळायला लागल्या, रसाला ढिम्म. माझंही तेच. सगळी मजा मळण्यात. अंगठ्याखाली चुना मुरतो, दोन थापट्या, नाकाला झणका. ओठाखाली गेली की संपलं. कित्येक वर्षांत चव म्हणून लागलेली नाही, हात मात्र खिशाकडे जातोच.

केंट बेरिज या दुसऱ्या अभ्यासकांनी तर उंदरांचं डोपामिन जवळपास संपवलं. उंदीर आपणहून खाईनात, पण जिभेवर गोड ठेवलं की मिटक्या मारत. म्हणजे आवडणं वेगळं, तलफ वेगळी. बौद्धांच्या प्रतीत्यसमुत्पादात, म्हणजे दुःख कशातून कसं उपजतं त्या साखळीत, वेदना आणि तृष्णा या दोन वेगळ्या कड्या आहेत. वेदना म्हणजे दुखणं नव्हे, सुखदुःखाची जाणीव. मला ही मांडणी गीतेपेक्षा नेमकी वाटते, आणि साडूभाऊंना नेमकं तेच झोंबतं. पण तलफेची चाल ओळखणं म्हणजे रसायन ओळखणं नव्हे.

मोबाइलचं म्हणाल तर जाणीव आणि तलफ यांच्यामध्ये थांबायला शिका. इगतपुरीला विपश्यनेत मी दहा दिवस थांबलो. अकराव्या दिवशी स्टेशनबाहेर पुडी घेतली.

हां, निकोटीन थेट मेंदूत जाऊन डोपामिन वाढवतं, त्यामुळे माकडाची तुलना फार ताणू नका. आणि डोपामिन म्हणजे नुसती हाव नाही. पार्किन्सन्सच्या आजारात ते कमी पडतं तेव्हा माणसाचं चालणं अडतं. मोबाइलसारखी सुखं काही काळ सोडून ‘डोपामिनचा उपवास’ करणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

बाकी साडूभाऊ हे वाचतीलच. श्लोक संपल्यावर पायरीवर हात पुढे करून ‘अर्धी चिमूट इकडेपण’ कोण म्हणालं होतं?