वाचक विचारतात : इमर्जन्सी मेडिसिनची सीट कशी पारखावी?

प्रश्न : मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. एमबीबीएस झालंय. पदव्युत्तर प्रवेशाच्या नीट पीजी परीक्षेतल्या माझ्या रँकवर इमर्जन्सी मेडिसिन (तातडीच्या उपचारांचा विषय) मिळेल असं दिसतं. जवळचं अभिमत विद्यापीठ, पुण्या-बेंगळुरूतल्या कॉर्पोरेट हॉस्पिटलमधली डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदव्युत्तर पदवी) आणि लांबच्या राज्यातलं सरकारी कॉलेज, असे तीन पर्याय आहेत. घरचे म्हणतात, जवळचं घे. निवड कशावर करू?

उत्तर : आधी एवढंच विचारा : रात्री तीन वाजता श्वास अडखळलेला रुग्ण आला, तर लॅरिंगोस्कोप (श्वासनलिकेत नळी घालताना घसा दाखवणारं उपकरण) कुणाच्या हातात असतो? भारतीय वैद्यक परिषदेने एमडी इमर्जन्सी मेडिसिनला २००९ मध्ये मान्यता दिली. विषय तसा नवा आहे, त्यामुळे अनेक ठिकाणी ‘कॅज्युअल्टी’ची पाटी बदलली, काम मात्र तेच राहिलं : एमएलसी (पोलिसांसाठीची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) लिहायची, सलाईन लावायचं आणि मेडिसिन-सर्जरीवाल्यांना फोन करायचा. अशा विभागात तीन वर्षं काढून डिग्री मिळेल, हात तयार होणार नाहीत.

म्हणून चॉइस (पसंतीच्या सीटची यादी) भरण्याआधी प्रत्यक्ष जाऊन या, शक्यतो रात्री. विभागप्रमुखांना भेटाच, पण खरं उत्तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटकडून (तिथे पीजी करणाऱ्या डॉक्टरकडून) चहाच्या टपरीवर मिळेल. त्याची लॉगबुक (केलेल्या कामांची नोंदवही) बघायला मागा. श्वासनलिकेत ट्यूब टाकणं, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी), छातीतली नळी यांचा नुसता आकडा मोजू नका. ‘स्वतः केलं’ आणि ‘मदत केली’ या नोंदींचं प्रमाण बघा. तिसऱ्या वर्षातही ‘मदत केली’च जास्त असेल, तर तिथे ट्यूब टाकायला भूलतज्ज्ञच येतात असं समजा.

अल्ट्रासाउंड मशीन विभागातच आहे, की रेडिओलॉजीकडून मागवावं लागतं? अपघाताच्या रुग्णाचं ईफास्ट (छाती-पोटातला रक्तस्राव शोधणारी झटपट सोनोग्राफी) रेसिडेंट स्वतः करतो का? छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी दहा मिनिटांत निघतो का, आणि रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं की नाही हे विभाग ठरवतो की कार्डिओलॉजीची वाट बघतात? रात्री सीनियर जागेवर असतात की फोनवर? आणि आयसीयूत बेड नाही म्हणून व्हेंटिलेटरवरचे किती रुग्ण विभागातच अडकलेत? हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. असे चार रुग्ण असले की रेसिडेंटची पाळी त्यांच्यातच संपते आणि दारातून येणाऱ्या नव्या रुग्णाकडून जे शिकायचं ते राहून जातं.

रुग्ण कोणत्या प्रकारचे येतात, हेही बघा. आपल्या पट्ट्यात शेतातल्या कीटकनाशकाचं विष, खानापूरच्या जंगलपट्टीतले सर्पदंश आणि महामार्गावरचे अपघात हे नेहमीचे रुग्ण. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाच्या विषबाधेत अॅट्रोपिनचा डोस दर पाच मिनिटांनी दुप्पट करत न्यावा लागतो, छातीतला घरघराट थांबेपर्यंत. सापाच्या प्रतिविषाचं तर आणखी नाजूक आहे. आपल्याकडची बहुगुणी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. पश्चिम घाटातल्या चापडा या विषारी सापाच्या एका जातभाईवर, उंच नाकाच्या पिट व्हायपरवर, ती चालत नाही. म्हणजे वीस मिनिटांच्या चाचणीत रक्त गोठलं नाही तरी लस भरतच राहणं चुकीचं ठरू शकतं. असा निर्णय रुग्णाशेजारी रात्रभर बसल्याशिवाय अंगी मुरत नाही. शहरी कॉर्पोरेट हॉस्पिटलात हृदयविकार आणि पक्षाघात उत्तम शिकाल, विष आणि साप फार कमी दिसतील.

सरकारी कॉलेजात रुग्णांचा पूर असतो आणि हात लवकर बसतो. धोका असा की वर बघणारं कुणी नसेल तर चुकीची सवयही तितकीच पक्की बसते. भाषेचा विचारही मनापासून करा. ‘औषध किती वाजता प्यालं, बाटली कुठली होती?’ हे विचारायला दुभाष्या लागला की वेळ हातची जाते. तुम्हाला मराठी आणि कन्नड दोन्ही येत असतील, तर कोल्हापूर आणि हुबळी या दोन्ही बाजू तुमच्याच आहेत. आमच्या मते हे भांडवल लांबच्या राज्याच्या चार रँकांपेक्षा मोठं आहे. जवळचं कॉलेज वरच्या प्रश्नांत उतरलं तर जरूर घ्या. केवळ जवळ आहे म्हणून नको.

डीएनबीबद्दल एक गोष्ट तपासाच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा २०१९ नुसार ५०० वा अधिक खाटांच्या हॉस्पिटलातली डीएनबी एमडीच्या बरोबरीची धरली जाते; त्याहून लहान हॉस्पिटलातली असेल तर मेडिकल कॉलेजात एक वर्ष सीनियर रेसिडेन्सी करावी लागते. पुढे शिकवायचं मनात असेल तर खाटांचा आकडा आधीच विचारा. एमडीवाल्यांना तीन महिन्यांची जिल्हा रेसिडेन्सी सक्तीची आहे. ती कोणत्या रुग्णालयात मिळते, तेही विचारून ठेवा.

चॉइस भरताना खऱ्या पसंतीचा क्रम लावा. अवघड सीट वर ठेवली म्हणून खालची हातची जात नाही. पण जिथे जायचंच नाही ते यादीत घालूही नका : अभिमत विद्यापीठांसाठीची अनामत २ लाख रुपये आहे आणि पुढच्या फेऱ्यांत मिळालेली सीट नाकारली की ती जप्त होते. अपग्रेडला होकार देऊन वरची सीट मिळाली, तर आधीची आपोआप रद्द होते.

प्रश्न : मुलाला नीट पीजीत रँक चांगली आली नाही. एका खासगी हॉस्पिटलात तीन वर्षांचा ‘एमईएम’ कोर्स सांगताहेत. घ्यावा का? (एक पालक, निपाणी)

उत्तर : मास्टर्स इन इमर्जन्सी मेडिसिनला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची मान्यता नाही. कामाचा अनुभव काही ठिकाणी खरोखर चांगला मिळतो. परंतु वैद्यकीय परिषदेच्या नोंदणीत ती पदव्युत्तर पात्रता म्हणून लागत नाही आणि मेडिकल कॉलेजात अध्यापकाची जागा मिळत नाही. ब्रिटनला जायचं पक्कं असेल, तर तिथल्या रॉयल कॉलेजची एमआरसीईएम ही परीक्षा खरी शिडी आहे. एमईएम करताना अनेक जण तिची तयारी करतात. भारतातच राहायचं असेल, तर एक वर्ष अभ्यास करून नीट पुन्हा देणं आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं. पैसे भरण्याआधी हॉस्पिटलकडून ‘ही पदवी नोंदणीयोग्य आहे का’ याचं उत्तर लेखी मागा.

प्रश्न : आम्ही बेळगावचे, मुलीचं एमबीबीएस कोल्हापुरात झालं. पीजीच्या राज्य कोट्यासाठी घर बघतात की कॉलेज?

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी पीजी वैद्यकीय प्रवेशात निवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवलं, एमबीबीएस कुठून केलं यावर आधारलेलं संस्थात्मक प्राधान्य मात्र मर्यादेत चालतं. म्हणजे तिच्या बाबतीत कोल्हापूरचं कॉलेज महत्त्वाचं. महाराष्ट्रासाठी राज्य सीईटी कक्षाकडे वेळेत नोंदणी करा. सरकारी कॉलेजांतल्या ५० टक्के जागा आणि अभिमत विद्यापीठांतल्या सगळ्या जागा एमसीसीकडून (केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडून) भरल्या जातात; त्यासाठी वेगळी नोंदणी लागते. एकीकडे नाव घातलं म्हणजे दुसरीकडे आपोआप जातं, या समजात दर वर्षी मुलं सीट गमावतात.