वाचक विचारतात : कल्चर मोती म्हणजे खोटा मोती का?

प्रश्न : आईची नथ नव्याने ओवून घ्यायला सराफाकडे दिली तर तो म्हणाला, हे मोती "कल्चर" आहेत, बसऱ्याचे नाहीत. म्हणजे प्लास्टिकचे का? आणि समुद्रातला मोती नि गोड्या पाण्यातला मोती यात फरक काय, किमतीत एवढी तफावत का? (एक वाचक, पुणे)

प्लास्टिकचे नाहीत हो ताई, निश्चिंत राहा. कल्चर मोती जिवंत शिंपल्याच्या पोटातच तयार होतो, फक्त सुरुवात माणूस करून देतो. बसरा मोती म्हणजे आखातातून पाणबुड्यांनी काढलेला नैसर्गिक मोती, एकेकाळी त्याचा मोठा बाजार आपल्या मुंबईत भरायचा, आता तो जुन्या दागिन्यांतच सापडतो. आज दुकानात जे मोती दिसतात ते जवळपास सगळे कल्चरच, सराफ सांगो वा न सांगो.

आता फरक. जपानमध्ये मिकिमोतो कोकिची नावाच्या माणसाने 1893 साली अर्धगोल मोती पिकवून दाखवला, पूर्ण गोल मोत्याची पद्धत पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बसली आणि समुद्रात आजही तीच चालते. अकोया जातीचा शिंपला घ्यायचा, तो पाचर मारून जेमतेम सेंटीमीटरभर उघडा ठेवायचा आणि त्या फटीतून ऑपरेशन करायचं, जास्त ताणला तर स्नायू फाटून शिंपला मरतो. आत दोन गोष्टी जातात. एक गुळगुळीत गोल मणी आणि त्याला चिकटून दुसऱ्या शिंपल्याच्या मॅन्टलचा, म्हणजे कवच बनवणाऱ्या पातळ पडद्याचा, एक इवलासा तुकडा. सगळी करामत या तुकड्याची आहे. त्याच्या पेशी वाढून मण्याभोवती पिशवी तयार करतात आणि ती पिशवी मण्यावर नॅकरचे, म्हणजे मोत्याला चमक देणाऱ्या द्रव्याचे, थर चढवत राहते, मणी नुसताच घातला तर काही होत नाही. आणि गंमत म्हणजे हा मणी बहुतेक वेळा अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या जाड नदी-शिंपल्यांच्या कवचातून कातलेला असतो, म्हणजे समुद्राच्या मोत्याच्या पोटात नदीच!

मग हे शिंपले जाळीत घालून तराफ्याखाली टांगतात, अधूनमधून वर काढून त्यांच्यावर चढलेली शेवाळं आणि बाकीचे चिकटणारे जीव खरवडून टाकतात, कधी लाल भरती (सूक्ष्म शेवाळ माजून पाणी लाल होतं नि शिंपले मरतात) येते कधी वादळ येतं आणि वर्षाची मेहनत जाते. मोती काढायचे हिवाळ्यात, कारण पाणी गार झालं की थर सावकाश आणि पातळ बसतात आणि मोत्याला पाणी चांगलं चढतं. पण सहा मिलिमीटरच्या मण्यावर नॅकर चढतो अर्धा मिलिमीटरच्या आसपास, तुम्ही पैसे मोजता ते या सालीचे आणि तिच्या चकाकीचे. ऑस्ट्रेलियाकडचे साउथ सी आणि ताहितीचे काळे मोती मोठ्या जातीच्या शिंपल्यात होतात, त्यांच्यात साल जाड असते आणि भाव तर विचारूच नका.

गोड्या पाण्यात चीनचं राज्य आहे. तिथे मणी घालतच नाहीत (हल्ली काही मोठ्या गोल मोत्यांत घालतात म्हणा), नुसते मॅन्टलचे तुकडे, आणि तेही शिंपल्याच्या दोन्ही बाजूंच्या पडद्यांत ओळीने चिरा देऊन, एका शिंपल्यात वीस-पंचवीसच्या वर. अकोयात एक किंवा दोन, इथे मूठभर, म्हणून स्वस्त. मणी नसल्याने आकार तांदळासारखा नाहीतर बटाट्यासारखा वेडावाकडा येतो, पण तो मोती आरपार नॅकरचाच असतो. त्यामुळे स्वस्त तो हलका, हे माझ्या मते तरी चूक, रोज वापरायला मी गोड्या पाण्यातलाच घेईन, लवकर झिजत नाही.

तुमचे मोती कुठले ते बघायचं तर नथ सुटी असतानाच बघून घ्या, छिद्रात भिंगाने पाहिलं आणि कडेला पातळ साल व आत वेगळा मणी अशी रेघ दिसली तर मणी घातलेला. दातावर घासून खरखरीत लागलं तर एवढंच कळतं की काच-प्लास्टिक नाही, नैसर्गिक की कल्चर ते एक्स-रे काढणारी लॅबच सांगणार.

प्रश्न : वाळूचा कण आत गेला की मोती होतो ना? (एक विद्यार्थी, सातारा)

पुस्तकात तसंच छापतात, पण शिंपला आयुष्यभर वाळूतच राहतो रे, कण बाहेर टाकायचं त्याला छान जमतं. बहुतेक वेळा एखादा परजीवी पोखरत आत शिरतो किंवा जखम होते, मॅन्टलच्या पेशी आत ढकलल्या जातात आणि त्यांची पिशवी बनते. स्वाती नक्षत्राचा थेंब मात्र कवितेसाठी राखून ठेव.

प्रश्न : शेततळ्यात मोतीशेती करा, शिंपले आम्ही देतो, मोती आम्हीच विकत घेतो अशी जाहिरात पाहिली. करू का? (एक शेतकरी, नगर जिल्हा)

शास्त्र खरं आहे दादा, जाहिरात तपासा. आपल्या नद्या-तळ्यांतल्या लॅमेलिडेन्स जातीच्या शिंपल्यात मोती होतो, भुवनेश्वरची सीफा ही केंद्र सरकारची संस्था यावर कित्येक वर्षं काम करते आणि ट्रेनिंगही देते, आधी तिथे चौकशी करा. आपल्याकडे जास्त चालतं ते डिझायनर मोत्याचं काम, म्हणजे गणपतीचा वगैरे चपटा साचा कवच आणि पडद्याच्या मधे सरकवायचा, वर्ष-दीड वर्षात त्यावर नॅकर चढतो. ऑपरेशन सोपं, पण तो मोती कवचाला चिकटलेला असतो, कापून काढावा लागतो, त्याला गोल मोत्याचा भाव कोण देणार?

ऑपरेशननंतर बरेच शिंपले मरतात, ते हिशेबात धरा. पाणी फार स्वच्छही चालत नाही, त्यात हिरवं शेवाळ हवं कारण शिंपल्याचं खाणं तेच, आणि कवचासाठी चुना हवा. या शिंपल्यांची पिल्लं सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, म्हणजे मासे नसलेल्या तळ्यात नवी पैदास होत नाही आणि दर खेपेला शिंपले विकतच आणावे लागतात. कोणी हजारो शिंपले एकदम गळ्यात मारत असेल तर मागच्या बॅचचे मोती त्याने कुणाकडून किती भावाने घेतले त्याची पावती मागा, आणि त्या शेतकऱ्याला स्वतः जाऊन भेटा. सुरुवात दोन-चारशे शिंपल्यांवर करा, तळ्यातले मासे काढू नका, त्यांचं उत्पन्न आधी हातात येतं.