अपूर्णांक पुन्हा शिकताय? तिरकस गुणाकार आधी बाजूला ठेवा

तुमची पोस्ट वाचली. सरळसेवा भरतीची तयारी, वय ३१, २/३ + ३/४ चं उत्तर ५/७ आलं, ३ ÷ १/२ चं दीड आलं, आणि ‘पाचवीचं गणित जमत नाही’ याची लाज वाटतेय. लाज सोडा. या दोन्ही चुका माझ्या चांगल्या ओळखीच्या आहेत. मी गणिताचा शिक्षक नाही, त्यामुळे पुढचं एका विद्यार्थ्याचं मत म्हणून वाचा.

अंश, छेद आणि लसावि येतात असं धरून चालतो.

बेरजेपासून सुरू करू. छेद म्हणजे तुकडा केवढा, अंश म्हणजे असे तुकडे किती. चौकटींच्या वहीत १२ चौकटींची एक पट्टी आखा. तिचे २/३ म्हणजे ८ चौकटी, ३/४ म्हणजे ९ चौकटी. मिळून १७, म्हणजे १७/१२, म्हणजे १ पूर्णांक ५/१२. छेदांची बेरीज का करायची नाही, ते ही पट्टी बघितली की कळतं. शिवाय तुमचं ५/७ हे पाऊणपेक्षाही कमी आहे. पाऊणमध्ये काहीतरी मिळवलं आणि पाऊणपेक्षा कमी झालं? एवढा एक प्रश्न उत्तराला विचारला असता तर चूक तिथेच सापडली असती.

आता मुख्य मुद्दा. माझे सगळ्यात जास्त महिने खाल्ले ते एका क्लासमध्ये शिकवलेल्या ‘तिरकस गुणा’ या युक्तीने. तुम्हीही तीच वापरताय असं पोस्टवरून वाटतं. २/३ + ३/४ या बेरजेत तिरकस गुणलं, म्हणजे एकाचा अंश दुसऱ्याच्या छेदाने गुणला, की ८ आणि ९ येतात, त्यांची बेरीज वर, छेदांचा गुणाकार खाली. २/३ ÷ ३/४ मध्ये तेच ८ आणि ९ येतात, पण एक वर, एक खाली : ८/९. आणि क/३ = ३/४ अशा समीकरणात तिरकस गुणलं की ४क = ९, छेद गायबच. पेन तिन्ही वेळा सारखंच फिरतं, अर्थ मात्र तीन वेगळे. काही दिवसांनी बेरजेचं उत्तर ८/९ येतं किंवा नुसतं १७ लिहून छेद राहून जातो, आणि आपल्याला वाटतं आपलं डोकंच चालत नाही. डोकं ठीक आहे, रीत चुकीच्या वेळी शिकवली गेली. १/२ + १/३ + १/६ अशी तीन पदं आली की तिरकस कुठून कुठे गुणायचं हेही सुचत नाही. लसावि ६ घ्या : ३/६ + २/६ + १/६ = १. संपलं. ५/१२ + ७/१८ ला तिरकस गेलात तर १७४/२१६ येतं आणि मग संक्षिप्त रूप देत बसा. लसावि ३६ घेतला की १५ + १४, थेट २९/३६.

भागाकाराला माझा आग्रह असा, की पहिले पंधरा दिवस भाजक उलटा करूच नका. इथेही छेद समान करा. दीड किलो साखरेच्या पाव किलोच्या पुड्या किती? सहा, हे कुणीही सांगेल. दीड म्हणजे ६/४, पाव म्हणजे १/४. तुकडे एकाच मापाचे झाले, म्हणून फक्त ६ ÷ १. तुमचं ३ ÷ १/२ सुद्धा असंच : ६/२ ÷ १/२ = ६. तुम्ही तीनचं अर्धं केलंत, पण प्रश्न होता तीनमध्ये अर्धे किती. आणखी एक : २/३ ÷ ४/५ म्हणजे १०/१५ ÷ १२/१५, म्हणजे १०/१२, म्हणजे ५/६. असे वीसेक भागाकार केले की उलटा करून गुणण्यात नेमकं काय होतं ते आपोआप दिसतं : एका किलोत पाव चार, म्हणून ÷ १/४ म्हणजे × ४. ती रीत काही खोटी नाही, भास्कराचार्यांच्या लीलावतीतही तीच आहे. पण तिथेही अपूर्णांकांची सुरुवात समच्छेद करण्यापासूनच होते.

बाकीपाशी मात्र थांबून बघा, शाब्दिक उदाहरणांत मार्क इथेच जातात. अडीच लिटर दूध, पाऊण लिटरच्या बाटल्या. १०/४ ÷ ३/४ = १०/३, म्हणजे ३ पूर्णांक १/३. तीन बाटल्यांत सव्वादोन लिटर गेलं, उरलं पाव लिटर. मग उत्तरात १/३ कुठून आलं? ते १/३ लिटर नाही, १/३ बाटली आहे, कारण पाव हा पाऊणचा तिसरा भाग. ‘किती दूध उरलं’ असं विचारलं असेल तर १/४ लिटर. पर्यायांत १/३ आणि १/४ दोन्ही दिलेले असू शकतात, तेव्हा प्रश्नातलं एकक अधोरेखित करा.

काटाकाटी फक्त गुणाकाराचं चिन्ह असताना. ३/४ ÷ २/३ मध्ये घाईने वरचा ३ आणि खालचा ३ कापला की १/८ येतं, खरं उत्तर ९/८. बेरजेतही तसंच, अधिकच्या चिन्हापलीकडे काही कापायचं नाही. आणि २ पूर्णांक ३/४ ने भागायचं असेल तर आधी ११/४ करा, मग ४/११. नुसता ३/४ उलटा करून २ पूर्णांक ४/३ लिहिणारे पुष्कळ आहेत.

परीक्षा महिन्यावर आली असेल तर एवढा वेळ मिळणार नाही, हे मान्य. तेव्हा सरळ उलटा करून गुणा, फक्त प्रत्येक वेळी पेन टेकवण्याआधी उत्तर एकाहून मोठं की लहान ते तोंडाने म्हणा. बालभारतीची पाचवी-सहावीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, क्लासच्या नोट्सपेक्षा ती कितीतरी बरी. वहीत अपूर्णांक लिहिताना रेघ आडवी मारा आणि एका अपूर्णांकाला दोन ओळी द्या. तिरकी रेघ मारली की भागाकारात वरचा कोण, खालचा कोण याचा गोंधळ होतोच.