बिल्डिंगखालचं दुकान आणि आपली यादी

प्रश्न : ताई, दोन वर्षांपूर्वी आम्ही नाशकातल्या जुन्या सिडकोतून पाथर्डी फाट्याच्या पुढे नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलो. सिडकोत खाली उतरलं की भाजीची गाडी उभी, शेजारी गिरणी. इथे बिल्डिंगखाली एकच किराणा दुकान आहे. पुढे चिप्सच्या माळा, बिस्किटं, कोल्ड्रिंकचा फ्रीज, आणि भाजी म्हणाल तर कांदे-बटाटे नि कधीतरी सुकलेली कोथिंबीर. मुलगा रोज संध्याकाळी दहाची नोट घेऊन खाली पळतो. मिस्टर म्हणतात जवळच मोठा मार्ट होणार आहे, झाला की सगळं लाइनीवर येईल. दुकान चांगलं आलं की घरातलं खाणं सुधारतं का हो खरंच?
– एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : मिस्टरांचं अगदीच चूक आहे असं नाही, पण मार्टच्या भरवशावर बसू नका.

अमेरिकेत हा प्रश्न फार वर्षं गाजला, तिथे काही गरीब वस्त्यांमध्ये धड किराणा-भाजीचं दुकानच नसतं म्हणून लोकांचं खाणं बिघडतं, मग तिथे सुपरमार्केट काढा, असं सगळे धरून चालले होते. हंट ऑलकॉट नावाचे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो घरांची २००४ ते २०१६ मधली खरेदी, म्हणजे कोणी काय उचललं, कुठून उचललं, सगळं तपासलं आणि २०१९ मध्ये छापलं. निघालं काय, तर जवळ नवीन सुपरमार्केट उघडलं तरी पिशवीत जे यायचं ते जवळजवळ तेच राहिलं, कारण ती माणसं आधीपासूनच गाडी काढून लांबच्या सुपरमार्केटला जातच होती, आता जवळच्या सुपरमार्केटला जायला लागली एवढंच. जी कुटुंबं एका भागातून दुसऱ्या, चांगलं खाणाऱ्या भागात राहायला गेली त्यांचीही खरेदी फारशी हलली नाही. या अभ्यासकांच्या हिशोबाने गरीब आणि श्रीमंत घरांच्या खाण्यात जो फरक आहे त्यातला साधारण १० टक्के दुकानात काय मिळतं नि काय भावात मिळतं यामुळे, उरलेला ९० टक्के मागणीमुळे. म्हणजे घरातल्या यादीमुळे म्हणा ना.

आता हे आकडे तिकडचे, पाथर्डी फाट्याला जसेच्या तसे लागू करू नका. आपल्याकडे भाजी किराणा दुकानात फारशी मिळतच नाही, ती हातगाडीवर मिळते, मंडईत मिळते, रस्त्याच्या कडेला गोणपाट टाकून बसलेल्या मावशीकडे मिळते. त्यामुळे दुकानात भाजी नाही म्हणजे एरियात भाजी नाही असं होत नाही. तुमच्या नवीन भागात गाडीवाले अजून रुळले नसतील, फ्लॅट भरले की येतील, ते गिऱ्हाईक बघूनच फिरतात. तोवर पाच-सहा घरांनी मिळून एखाद्याला ठरावीक दोन दिवस सकाळी बोलवा, चार किलोचा धंदा एका जागी दिसला की तो रस्ता बदलतो, माझ्या स्वतःच्या सोसायटीत असंच झालंय. नाहीतर बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात जा, जाताना मोठी पिशवी न्या आणि गाडी कुठे लावायची ते आधी ठरवा, नाहीतर भाजीपेक्षा पार्किंगचीच कटकट जास्त. पावसाळ्यात तिथे पेठ-हरसूलकडच्या बाया रानभाज्या घेऊन बसतात, त्या तुमच्या मार्टात काही मिळायच्या नाहीत.

पण खरी मेख ती दहाची नोट. महिन्याची यादी तुम्ही घरी बसून, डोकं शांत ठेवून लिहिता, तिच्यावर खालच्या दुकानाचा फारसा जोर चालत नाही. पण मधली खरेदी, म्हणजे दूध संपलं, पाहुणे आले, मुलाला भूक लागली, ती मात्र खाली जे लटकलेलं असेल त्याचीच होते. म्हणून दुकानाला दोष द्यायचाच तर या मधल्या खरेदीपुरता द्या. सरकारच्या २०२२-२३ च्या घरखर्चाच्या सर्व्हेत शहरी माणसाच्या महिन्याच्या खर्चातले १०.६४ टक्के पेयं, फराळ आणि तयार खाण्यावर गेलेले दिसतात (हॉटेलातलं जेवण धरून), आणि भाजीवर चार टक्क्यांच्याही आत. वाचून मीच माझी डायरी उघडून बसले, आमच्याकडेही फार वेगळं नव्हतं.

एक करा, वजनाचा हिशोब मांडा, कॅलरी वगैरे सोडा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जो आहार सांगितला त्यात मोठ्या माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, आणि तेल-तूप २७ ग्रॅम आहे. चार मोठी माणसं धरली तर आठवड्याला अकरा किलो भाजी झाली, बटाटा त्यात मोजू नका, आणि महिन्याला तेल साधारण साडेतीन लिटर. लहान मुलं असतील तर कमी करा. आता मागच्या महिन्याचं बिल काढा नि बघा तेलाचे किती पाऊच आले. बहुतेक घरांत भाजी निम्मी आणि तेल दीडपट निघतं, माझ्याकडे पत्र लिहिणाऱ्यांचं तरी असंच निघतं.

मुलाचं म्हणाल तर नोट बंद करू नका, बंद केली की तो मित्राच्या नोटेवर खातो. तो खाली पळायच्या आधी, साडेपाचला, घरात काहीतरी समोर ठेवलेलं असू द्या, भाजलेले शेंगदाणे-गूळ, उकडलेलं कणीस, पोळीचा लाडू, सीझनला आपल्याकडे द्राक्षांची काय कमी आहे. पोट भरलेलं असलं की पुडा रोजचा राहत नाही. आठवड्यातून दोनदा खाऊ दे की.

प्रश्न : ताई, माझं सातपूरला छोटं किराणा दुकान आहे. सगळे आम्हालाच बोलतात की तुम्ही पोरांना पुडे विकता. मागे एका गिऱ्हाईक ताईंच्या सांगण्यावरून नागलीचं (नाचणीचं) पीठ आणि बाजरीचं पीठ ठेवलं, नागलीला जाळी लागली, बाजरी कडू झाली, नुकसान माझं. मी काय करायचं?
– एक दुकानदार

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण दुसरी बाजू कोणी लिहीतच नाही.

तुमचा हिशोब मला कळतो. पुड्यांचा सेल्समन स्वतः गाडी घेऊन येतो, उधारीवर माल टाकतो, बऱ्याचदा एक्स्पायरी झालेलं बदलून देतो, वर स्कीम देतो, कोल्ड्रिंकवाल्याचा फ्रीजही बहुतेक ठिकाणी कंपनीनेच ठेवलेला असतो आणि त्यात दुसरं काही ठेवलं की त्याचा चेहरा पडतो. पालकाच्या जुडीला यातलं काहीच नाही. ती संध्याकाळी मान टाकते आणि तोटा तुमच्या गल्ल्यातून जातो. अशात दुकानदार पुडेच पुढे लटकवणार, यात लबाडी कसली.

पिठाचं मात्र थोडं चुकलं, राग मानू नका. बाजरीत तेलाचा अंश जास्त, दळली की ते हवेला लागतं आणि काही दिवसांत पीठ कडवट होतं, म्हणून आपल्या आया बाजरी आठ दिवसांची दळायच्या. अख्खी नागली कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते. तर पीठ ठेवूच नका, दाणा ठेवा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडची नागली नाशकात सहज येते, दहा-पंधरा किलोपासून सुरू करा, आणि शेजारच्या गिरणीवाल्याशी बोलून ठेवा की गिऱ्हाइकाने दोन किलो घेतली तर तिथेच दळून मिळेल. पावती फाडायची नि गिरणीत पाठवायचं, तुमच्याकडे पीठ पडून राहणारच नाही. भगर तर तुम्ही उपासाला ठेवताच, ती एकादशीपुरती मागे का ठेवता, डाळींच्या बाजूला आणा.

आणि एक जागा बदलून बघा. काउंटरवर पोरांच्या डोळ्यांसमोर जे असतं तेच हात पुढे करून मागितलं जातं. तिथे फुटाणे, शेंगदाणे, राजगिरा चिक्की यांचे पाच-दहा रुपयांचे छोटे पुडके लावा, स्वतः बांधलेले चालतील, मार्जिनही त्यात बरं सुटतं. चिप्सच्या माळा काढू नका, फक्त एक खिळा मागे न्या. महिनाभर वहीत लिहा काय किती गेलं, आणि ती वही मला पाठवा.

प्रश्न : मल्टिग्रेन लिहिलेली बिस्किटं आणि ब्रेड घेतला तर चालेल ना? दुकानदार म्हणतो हेल्दी आहे.
– एक आजोबा, नाशिकरोड

उत्तर : आजोबा, पुढचं चित्र बघू नका, पुडा उलटा करा. मागे घटकांची यादी असते, ज्याचं वजन जास्त ते आधी लिहायचं असा नियमच आहे. पहिलं नाव मैदा निघालं, रिफाइंड गव्हाचं पीठ लिहिलं असेल तरी तो मैदाच, आणि नाचणी-ओट्स शेवटी दोन-तीन टक्के असतील तर ते मैद्याचंच बिस्किट. अक्षरं बारीक असतात, नातवाला वाचायला सांगा.