नाताळला घरच्यांना आणि ऑफिसातल्यांना पुस्तकं द्यायची आहेत, आइसलँडमध्ये देतात तशी. कुणाला कोणतं द्यावं?

तुम्ही सहा जणांची यादी दिली आहे: सासूबाई, कॉलेजातला भाचा, इंग्रजी वाचणारी मैत्रीण, सगळं वाचून झालेले साहेब, चौथीतली पुतणी आणि शेवटी, "एक काका, जे काहीच वाचत नाहीत, त्यांना पुस्तकाऐवजी काय द्यावं?" पाच जणांचं खाली सांगते. पण ते शेवटचं वाक्य वाचून मला राहवलं नाही, म्हणून आधी त्याबद्दल.

आमच्याकडेही असे एक काका आहेत, वडिलांचे धाकटे भाऊ. सातवीनंतर शाळा सुटली, कोल्हापुरात उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर लागले आणि टर्नर म्हणूनच निवृत्त झाले. तरुणपणी तालमीत जायचे, खासबाग मैदानातली मोठी कुस्ती कधी चुकवली नाही. आमच्या घरी नाताळ म्हणजे करंज्या, चकल्या, केक, दारावर तारा, आदल्या रात्रीची उपासना आणि २५ तारखेला सगळ्यांनी आमच्या घरी जेवायला जमायचं. जेवणानंतर एकमेकांना भेटी द्यायच्या. काकांना दरवर्षी शर्टपीस. त्यांच्या कपाटात न शिवलेल्या शर्टपिसांची चळत होती.

२००६ साली मी बी.ए. करत होते आणि संध्याकाळी एका वाचनालयात पुस्तकं बदलून द्यायला बसायचे. पहिल्या पगारातून मी काकांसाठी 'मृत्युंजय' घेतलं. शिवाजी सावंत आजऱ्याचे, त्यामुळे आमच्या भागात ते पुस्तक घरचंच वाटतं. काकांनी कागद सोडवला आणि सगळ्यांदेखत दादा म्हणाला, "काकांना पुस्तक? पैसे पाण्यात घातलेस की गं." सगळे हसले. काकाही हसले, पण त्यानंतर ते जेवणाच्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. ते हसणं मी विसरलेले नाही.

पुढच्या दिवाळीआधी त्यांचं घर रंगवायला काढलं, तेव्हा काकीला मदत करायला गेले होते. काकांच्या उशाशी तेच पुस्तक. आत खूण म्हणून पॉलिश पेपरची पट्टी, ४३व्या पानावर. काकी म्हणाली, "रोज जेवण झालं की घेऊन बसतात. बोट ठेवून वाचतात. थोडं वाचलं की डोळ्यांतनं पाणी यायला लागतंय, मग ठेवतात."

दहा महिन्यांत ४३ पानं. दादा आजही हाच आकडा मला ऐकवतो: बघ, वाचत नाहीत. मी म्हणते, दिवसभर लेथवर उभा राहिलेला माणूस, जवळचा चष्मा नाही, टाइप बारीक, पुस्तक इतकं जाड की आडवं पडून हातात पेलत नाही, आणि तरी तो दहा महिने रोज ते उघडतो. याला न वाचणारा म्हणायचं? आमच्या वाचनालयात वर्गणी भरून पुस्तकं घरी नेणारे आणि न उघडता परत आणणारे कितीतरी जण मी रोज बघत होते. त्यांना कुणी असं म्हणत नव्हतं, कारण ते शिकलेले होते.

चूक माझीच होती. मी पुस्तक पाहिलं, माणूस पाहिला नाही. त्या आठवड्यात काकांना डोळे तपासायला नेलं, जवळचा चष्मा केला आणि त्या नाताळला व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी' दिलं. १९५५ सालची कादंबरी आहे, अगदी बारकी. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर येतो आणि गावाला हाताशी धरून तालीम बांधतो. त्या तालमीसाठीच मी ती निवडली होती. फेब्रुवारीत काका स्वतः चालत घरी आले आणि म्हणाले, "मास्तरानं तालीम बांधून घेतली ते झ्याक केलं पोरी. पण शेवटाला दुष्काळानं गाव ओस पडलं की गं. मग त्या तालमीचं काय झालं असंल?" त्या कादंबरीवर मी कॉलेजात टिपण लिहिलं होतं. हा प्रश्न मला पडला नव्हता.

तेव्हा तुमच्या काकांसाठी पुस्तकच घ्या. ते आयुष्यभर कोणतं काम करत आले, कशाबद्दल तासभर बोलू शकतात, ते आठवा आणि त्या विषयाचं पातळ पुस्तक शोधा. दुकानात ते मधूनच उघडा, हात लांब करून धरा आणि दुकानातल्या दिव्याखाली वाचता येतं का बघा. चाळिशीपुढच्या कुणासाठीही घेताना हे कराच. मुखपृष्ठ आणि पुरस्कार नंतर बघा.

आइसलँडचा दाखला तुम्हीच दिलाय. तिथे २४ डिसेंबरला रात्री पुस्तकं देण्याची चाल दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रुजली, कारण बाकीच्या आयात मालावर निर्बंध होते आणि कागद त्यामानानं मिळत होता. पण त्यातली घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. १९४४ पासून तिथे नव्या पुस्तकांची यादी नाताळच्या आधी निघते, अनेक वर्षं ती घरोघरी जायची, म्हणजे काय हवं ते माणसाला आधीच सांगता येतं. आपल्याकडे भेट गुपचूप आणायची हौस असते आणि विचारायचं राहून जातं. विचारा.

आता बाकीचे. सासूबाईंना लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेलं हे आत्मचरित्र. त्यांचे पती रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि त्या मागे राहिल्या, तो काळ त्यांनी इतक्या सरळ बोलीत सांगितलाय की नाताळला मराठीत यापेक्षा चांगली भेट मला तरी सुचत नाही. जाड आहे, म्हणून टाइप बघूनच घ्या. (ख्रिस्ती घरात बायबल भेट देऊ नका. आमच्याकडे चार आहेत.) पुतणीला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, पण पूर्ण संच नको, एकच द्या. पुढचं तिनं मागितलं तर आणा. भाच्याला पुस्तक निवडून देऊच नका, त्याला दुकानात न्या, हातात पैसे द्या आणि तुम्ही बाहेर थांबा. मैत्रिणीच्या पुस्तकात बिल ठेवा, बदलून घेता येईल. साहेबांना वाचनालयाची वर्षाची वर्गणी भरून द्या. कोल्हापुरातलं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, सगळं वाचलेल्या माणसालाही तिथे काहीतरी सापडेल. ते आधीच सभासद नाहीत ना, एवढं बघा.

एक सांगायचं राहिलं. काही माणसांना खरंच पुस्तक नको असतं, आणि काहींना अक्षरं लावताना त्रास होतो पण सांगायची लाज वाटते. तुमचे काका त्यांपैकी असतील तर पुस्तक घेऊन त्यांच्याशेजारी बसा आणि तुम्हीच वाचून दाखवा. आणि भेट देताना किंवा मागे, त्यांच्या कानावर पडेल असं "ते वाचत नाहीत" घरात कुणाला म्हणू देऊ नका.

या वर्षी काकांनी स्वतःहून मागितलंय: जुन्या पैलवानांबद्दल काहीतरी, मोठ्या अक्षरात. मी शोधते आहे. दादाचा शर्टपीस आणून झालाय.