चार रंगांची फाईल

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या रविवारी तू घरी आलीस, तेव्हा प्रशिक्षणात मिळालेली, माणसांच्या स्वभावांची ती चार रंगांची फाईल मोठ्या उत्साहाने माझ्यापुढे ठेवलीस आणि तुझ्या विभागातल्या चौदा माणसांपैकी कोण लाल, कोण पिवळा, कोण हिरवा आणि कोण निळा, हे एकेकाचे नाव घेऊन सांगितलेस. मी त्या वेळी फारसे बोललो नाही, कारण मला जे सांगायचे होते ते एका चहात आटोपण्यासारखे नव्हते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, माझी एकतीस वर्षे गेली आणि त्यातली वीस माणसे सांभाळण्यात गेली. त्या काळात स्वभाव ओळखण्याची जी चूक मी केली, ती तुझ्या हातून होऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

प्रथम हे सांगतो की ती फाईल टाकाऊ नाही. व्यक्ती तितक्या प्रकृती हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि वैद्य माणसाची वात, पित्त, कफ अशी प्रकृती पाहून पथ्य सांगतात, हेही आपल्या ओळखीचे आहे. तुझ्या फाईलमधल्या चार शैलींचे मूळ विल्यम मार्स्टन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२८ साली मांडलेल्या विचारात आहे. त्या काळानंतर नावे थोडी बदलली, आणि आज त्यांना वर्चस्व (लाल), प्रभाव (पिवळा), स्थैर्य (हिरवा) आणि काटेकोरपणा (निळा) असे म्हणता येईल. एक गोष्ट मात्र प्रशिक्षणात बहुधा सांगितली जात नाही. मार्स्टनने कोणतीही प्रश्नावली तयार केली नव्हती. त्या इतरांनी नंतर केल्या. समोरची परिस्थिती आपल्याला अनुकूल वाटते की प्रतिकूल, आणि तिच्यापुढे आपण बलवान आहोत असे वाटते की दुबळे, यावरून माणूस कसा वागतो, हे त्याला समजून घ्यायचे होते. म्हणजे मूळ विचारातच परिस्थितीला जागा होती. आपण तेवढी परिस्थिती गाळतो आणि उरलेला रंग माणसाच्या कपाळी जन्मराशीसारखा लावून मोकळे होतो.

रंग लावणे इतके सोपे का जाते, हेही समजून घे. बर्ट्रम फोरर या प्राध्यापकाने १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली आणि काही दिवसांनी प्रत्येकाच्या हाती त्याचे स्वतःचे म्हणून एक स्वभाववर्णन ठेवले. ते कितपत जुळते याला पाचपैकी गुण द्या, असे सांगितल्यावर सरासरी चारच्या वर गेली. वस्तुतः सर्वांना दिलेले वर्णन एकच होते आणि त्यातली बरीच वाक्ये भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. तुझ्या फाईलमधले तुझे वर्णन वाचून 'काका, अगदी मीच!' असे तू म्हणालीस, तेव्हा मला हा प्रयोग आठवला होता. आजचे बहुतेक संशोधक माणसांना खणांत टाकतही नाहीत. नव्याची ओढ, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती आणि भावनिक अस्थिरता असे पाच गुण ते प्रत्येक माणसात कमी-अधिक प्रमाणात मोजतात, आणि बरीच माणसे कोणत्याही टोकाला नसतात, मध्ये कुठेतरी असतात.

आता माझी चूक सांगतो.

आमच्या कोअर शॉपमध्ये, म्हणजे ओतीव नगाच्या आत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे (कोअर) जिथे होतात तिथे, बैलहोंगलकडचे एक गृहस्थ होते. वयाने माझ्यापेक्षा मोठे, कामाला चोख, आणि बैठकीत पूर्ण गप्प. माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे मी 'स्थिर स्वभाव, पुढाकार नाही' असे लिहून ठेवले होते, आणि एकदा लिहिल्यावर मी ते पुन्हा तपासले नाही. एका जुलै महिन्यात व्हॉल्व्ह बॉडीच्या कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव नगात, ब्लो होल (वायूची छिद्रे) येऊ लागले. मशीन शॉपमध्ये पहिला कट घेतला की आतून बारीक पोकळ्या उघड्या पडत आणि नग भंगारात जाई. आम्ही वाळूतला ओलावा तपासला, धातूचे तापमान तपासले, साचे करणाऱ्या मोल्डरला बोललो, धातू वितळवणाऱ्या मेल्टरला बोललो. तीन सोमवार बैठका झाल्या. प्रत्येक बैठकीत मी त्या गृहस्थांना मराठीतून विचारले की तुमच्या बाजूने काही अडचण आहे का, आणि प्रत्येक वेळी ते खाली मान घालून 'नोडोण री' एवढेच म्हणाले. 'बघूया' म्हणणारा माणूस अंग काढून घेत आहे, असा अर्थ मी लावला.

तिसऱ्या बैठकीनंतर संध्याकाळी मी कोअर शॉपवरून जात असताना त्यांनी मला हाताने थांबवले. रॅकवरचा एक कोअर त्यांनी मोडला आणि त्याचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवून अंगठ्याने चुरडला. कोरडी वाळू बोटांमधून झडून जायला हवी होती. ती तळहाताला चिकटून राहिली. मग पश्चिमेच्या शटरकडे बोट दाखवून ते कन्नडमध्ये बोलू लागले आणि दहा मिनिटे थांबले नाहीत. सीओटू कोअर (कार्बन डायऑक्साइड वायू सोडून घट्ट केलेला) हवेतला ओलावा ओढून घेतो, रात्रपाळीत तयार झालेले कोअर त्या शटरजवळ ठेवले जातात, रात्रभर पावसाची झड शटरखालून आत येते, आणि सकाळी तेच कोअर मोल्डमध्ये जातात. वितळलेल्या लोखंडाचा स्पर्श झाला की त्या ओलाव्याची वाफ होते आणि बाहेर पडायला वाट न मिळाल्यामुळे कास्टिंगमध्ये अडकते. हे सारे त्यांना पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होते. आम्ही रॅक आतल्या भिंतीकडे हलवला आणि रात्रीचे कोअर झाकून ठेवू लागलो. काही दिवसांतच ते दुखणे आटोक्यात आले.

ज्या माणसाला मी पुढाकार नसलेला ठरवले होते, तो आपल्या भाषेत बोलताना इतका ठाम, इतका मुद्देसूद होता की तुझ्या फाईलप्रमाणे त्याला लाल रंगच द्यावा लागला असता. त्यांना मराठी समजत होते, परंतु आठ मराठी माणसांसमोर मोडक्या मराठीत चूक दाखवणे, आणि तीही रात्रपाळीच्या एका मराठी सुपरवायझरची, त्यांना जड जात होते. आपल्या भागात हे ओझे केवळ व्याकरणाचे नसते. १९५६ च्या भाषावार राज्य पुनर्रचनेपासून इथे भाषा म्हणजे बाजू झाली आहे. १ नोव्हेंबरला एकाच्या घरी राज्योत्सव असतो आणि दुसऱ्याच्या घरी काळा दिन, आणि २ तारखेला दोघे एकाच भट्टीसमोर उभे असतात. अशा ठिकाणी बैठकीत गप्प बसणे हा पुष्कळदा स्वभाव नसतो, ते शहाणपण असते. पुण्याच्या किंवा बंगळूरच्या प्रशिक्षकाला हे दिसणार नाही. तुला दिसले पाहिजे, कारण तू इथली आहेस.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की कोणाच्याही नावापुढे रंग लिहिण्याआधी तो माणूस तीन ठिकाणी पाहा: बैठकीत, त्याच्या मशीनपाशी, आणि त्याच्या भाषेत बोलताना. भात लावणीच्या दिवसांत खानापूरकडून येणारा माणूस पहाटे चिखलात राबून पाळीवर आलेला असतो. त्या पंधरवड्यात तो चिडका दिसला, तर ती त्याची प्रकृती समजू नकोस. तसेच तुझी फाईल कपाटात ठेव. नोटीस बोर्डावर रंगांचा तक्ता लावण्याचा तुझा विचार सोडून दे, आणि बढती किंवा पगारवाढ ठरवताना तिला हात लावू नकोस. एकदा 'हिरवा' म्हणून नाव पडले की पुढे त्याला कोणी अवघड काम देत नाही, आणि काही वर्षांनी तो स्वतःही ते मागायचे सोडून देतो. असे झालेले मी पाहिले आहे आणि ते पाहताना वाईट वाटते.

मग या शैलींचा उपयोग काय? माझ्या मते त्यांचा खरा उपयोग समोरच्याला ओळखण्यापेक्षा आपले बोलणे बदलण्यासाठी आहे. तुझ्या विभागात तुला सर्वांत जास्त त्रास तुझा इन्स्पेक्टर आणि डिस्पॅच पाहणारा मुलगा यांच्या भांडणाचा होतो, हे तू दोनदा सांगितलेस. ट्रक गेटवर उभा, आणि इन्स्पेक्टर बोअर गेज घेऊन तोच बोअर, म्हणजे नगातल्या भोकाचा व्यास, तिसऱ्यांदा मोजत आहे. एकाला दुसरा आडमुठा वाटतो, दुसऱ्याला पहिला बेपर्वा. तू त्या वेळी मध्ये पडून ज्याची बाजू घेशील, त्याच्या विरुद्धचा माणूस दुखावणारच. म्हणून हा निर्णय ट्रक येण्याच्या दिवशी घेऊच नकोस. दोघांना ड्रॉइंगसमोर शांत वेळी बसव आणि कोणती मापे कोणत्याही परिस्थितीत सोडायची नाहीत, हे इन्स्पेक्टरला लाल पेन्सिलीने गोल करायला सांग. त्या मापांवर त्याचा शब्द अखेरचा राहील. बाकीच्या मापांसाठी किती नग तपासले की पुरे, हेही तिथेच लिहून घ्या, आणि तेवढे झाल्यावर माल रोखण्याचा अधिकार कोणालाच नसावा. काटेकोर माणसाला लेखी नियम मिळाला की तो निश्चिंत होतो आणि घाईच्या माणसाला आपली वेळ कधी येणार हे कळले की त्याचा धीर टिकतो. दोघांचे स्वभाव जसे आहेत तसेच राहतील, आणि राहू द्यावेत, कारण तुला दोघेही हवे आहेत.

इन्स्पेक्टरबाबत आणखी एक. त्याला बैठकीत अचानक प्रश्न विचारू नकोस. आकडे आदल्या दिवशी त्याच्याकडे दे. तो तयारीने येईल आणि नेमके बोलेल. जे स्थिर स्वभावाचे आहेत, विशेषतः वयाने मोठे, त्यांना पाळी किंवा मशीन बदलायचे असेल तर निदान आठवडाभर आधी, एकेकट्याला बोलावून, कारणासह सांग. 'उद्यापासून' हा शब्द त्यांना अपमानासारखा लागतो. आणि त्यांना मामा, अण्णा असेच म्हणत जा. तुझे पद त्याने कमी होत नाही. ज्यांना अधिकार गाजवायला आवडतो त्यांना काम आणि वेळ सांगावी, रीत त्यांच्यावर सोडावी. बोलघेवड्या माणसाकडून ठरलेले शेवटी लिहून घ्यावे. त्याच्याबद्दल इतके पुरे.

आता तुझ्याविषयी लिहितो, आणि ते प्रेमाने लिहितो हे तुला ठाऊक आहे. रविवारी तुझ्या काकूने तुला नव्या कामाबद्दल काही विचारले, तेव्हा तिचे वाक्य पुरे होण्याआधी तू उत्तर दिलेस. ते उत्तर बरोबरही होते. पण तिला ते विचारायचे नव्हते. रात्री उशिरा परतताना तुला सोबत असते का, हे तिला विचारायचे होते, आणि ते राहून गेले. तू झपाट्याने विचार करतेस. त्याच गुणामुळे तुला इतक्या लवकर चौदा माणसे सोपवली गेली. परंतु तुझ्या हाताखालचा माणूस काकूसारखा घरचा नाही; त्याचे वाक्य दोनदा तोडलेस, तर तिसऱ्यांदा तो ते सुरूच करणार नाही, आणि तू त्याच्या नावापुढे 'शांत' असे लिहिशील.

एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषधे देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला होता. चांगल्या तुकड्यांत चुका कमी आढळतील अशी तिची अपेक्षा होती, परंतु आकडे उलटे आले: चांगल्या तुकड्यांतच चुकांची नोंद अधिक होती. शोध घेतल्यावर तिच्या ध्यानात आले की त्या तुकड्यांत चुका अधिक होत होत्या असे नव्हे, तर तिथली माणसे त्या लपवत नव्हती. पुढे १९९९ साली तिने हा विचार मानसिक सुरक्षितता या नावाने मांडला. मला हे कळले असते, तर कोअर शॉपचा रॅक तीन आठवडे आधी हलला असता. तुझ्या विभागात पुढच्या महिन्यात रिजेक्शनच्या नोंदी वाढल्या, तर लगेच घाबरू नकोस. आधी पाहा की माणसे जे पूर्वी दडपत होती ते आता सांगू लागली आहेत का. ज्याने पहिली चूक स्वतःहून सांगितली, त्याच्याशी तू कशी वागतेस याकडे उरलेल्या तेरा जणांचे लक्ष असेल.

तुझे शिक्षण मराठी माध्यमात झाले, कन्नड तुला वाचता येते आणि बोलताना अवघडल्यासारखे होते, हे मी जाणतो. माझेही तसेच होते. तरीही सोमवारच्या बैठकीत त्या दोन कन्नड भाषक मामांना प्रश्न कन्नडमध्येच विचार. उच्चार चुकला तर ते दुरुस्त करतील, आणि तुला दुरुस्त करण्याची सवय त्यांना त्या निमित्ताने लागेल. वाक्य लिहून देतो: 'निमगेन अनिस्तद री?' तुम्हाला काय वाटते, एवढाच त्याचा अर्थ. विचारून झाल्यावर पेन खाली ठेव आणि त्यांच्याकडे पाहत थांब. उत्तर 'नोडोण री' असे आले, तर बैठकीत पुढे विचारू नकोस. पाळी सुटण्याआधी त्यांच्या मशीनपाशी जा आणि तेच पुन्हा विचार.

तुझा,
काका